दुखायचं थांबल्याचे रोडगे

आईच्या हातांना वांग्याचे काटे लागू लागले, तेव्हा आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. वांग्याच्या देठाला काटे असतातच. पण लग्न होऊन आल्यापासून ती वांगी तोडत आलेली. न बघता तिचा हात बरोबर देठाखाली जायचा. काटे लागायचे ते माझ्यासारख्यांना, सुट्टीपुरतं शेतात जाणाऱ्यांना. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मात्र तिच्या बोटांवर रोज नवे ओरखडे दिसायचे. एका सकाळी मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. ती डावा डोळा मिटून, नेम धरल्यासारखी, झाडाकडे बघत होती.

“डोळा का मिटलास?” मी विचारलं.

“एक मिटला की एकच वांगं दिसते. दोन्ही उघडे ठेवले की दोन दिसतात,” ती म्हणाली. “खरं कोन्तं ते हात लावला की समजते.”

एवढं सांगून ती हसली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

आमचं गाव अमडापूरच्या बाजूला आहे. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजी निघेल तशी चिखलीच्या बाजारात जाते. मी चिखलीलाच इंग्रजी शाळेत शिकले, रोज जीपने जाऊन-येऊन. त्यामुळे आई, बाबा, आत्या एका भाषेत बोलतात आणि मी दुसऱ्या. मी “मला” म्हणते, ते “मले” म्हणतात. आई लोकांना सांगायची, “माही पोरगी पुस्तकासारखी बोलते,” आणि आत्या लगेच पुढे जोडायची, “हाव, अन् पुस्तकासारखीच गप बसून राहते.” आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं सासर गावातच आहे, पण दुपारी ती आमच्याच ओसरीत असते.

बाबांनी आईला चिखलीला नेऊन नवा चष्मा करून आणला. चष्म्यातूनही दोनच दिसायचं. मग तिची हनुवटी बधिर झाली. चहा पिताना खालून ओघळ आला तरी तिला कळायचं नाही. “हनुवटी झोपली माही,” ती म्हणायची. आत्या म्हणाली, “सगळं तोंड झोपलं असतं तर माह्या भावाले आराम भेटला असता.” तिघंही हसले. मीही हसले असेन.

सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखायचं आणि उलटी व्हायची. दहा वाजेपर्यंत कमी व्हायचं. आम्ही म्हटलं पित्त आहे. बाबा म्हणाले, मिरचीवर फवारणी चालू आहे, तो वास चढत असेल. आईला मिरचीच्या वावरात जायचं बंद केलं. मग तिचा उजवा पाय ओढल्यासारखा पडू लागला, आणि कमरेतून कळ निघून पोटरीपर्यंत जाऊ लागली. चिखलीच्या डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि एकच गोष्ट विचारली: आधी कुठलं ऑपरेशन झालंय का.

झालं होतं. चार वर्षांपूर्वी तिचा उजवा स्तन काढला होता. त्यानंतर सलाइनमधून औषधं, मग शेक, म्हणजे रेडिएशन. केस गेले, पुन्हा आले. तपासण्या चांगल्या येत होत्या. आमच्या घरात त्याला “ते ऑपरेशन” एवढंच म्हणत. आईने घरच्या कापसाची एक छोटी गादी शिवून घेतली होती, ती ब्लाउजमध्ये ठेवायची. धुवायची, आणि पदराआड वाळत घालायची. त्या ऑपरेशनचा आणि दोन दिसणाऱ्या वांग्यांचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. एक छातीचं होतं, एक डोळ्याचं. मध्ये एवढं अंतर.

औरंगाबादला डोक्याचा आणि मणक्याचा एमआरआय झाला. मग पाठीतलं पाणी काढून तपासलं. पहिल्या पाण्यात काहीच सापडलं नाही. बाबांनी दवाखान्याच्या जिन्यातूनच आत्याला फोन लावला, “पाणी साफ आलं!” पण डॉक्टर म्हणाले, कधीकधी पहिल्या वेळी पेशी सापडत नाहीत, फोटोत मात्र दिसतंय, पुन्हा काढू. दुसऱ्या पाण्यात त्या सापडल्या.

डॉक्टर मराठीच होते, तरुण, बोलताना पेनचं टोपण काढायचे आणि लावायचे. त्यांच्या टेबलावर मेंदूचं एक प्लास्टिकचं मॉडेल होतं. आई चाकाच्या खुर्चीत बसली होती, मी आणि बाबा तिच्या मागे उभे होतो. डॉक्टर आमच्याकडे बघून बोलत होते. त्यांनी सांगितलं, मेंदूवर आणि मणक्यातल्या दोरीवर पातळ पदर असतात, पदरांच्या मध्ये पाणी फिरतं. छातीतल्या कॅन्सरच्या पेशी त्या पाण्यात शिरल्या आहेत. गाठ असती तर कापली असती. ही गाठ नाही.

ते पदर मला माहीत होते. दहावीत मी त्यांची आकृती काढली होती, तीन पदर, तीन इंग्रजी नावं, सरळ रेघा मारून. नावं अजून पाठ होती. त्या क्षणी ती एकामागून एक आठवत गेली आणि मला थांबवता येईनात.

बाबा म्हणाले, “म्हंजे पाटाच्या पाण्यात गाजरगवताचं बी गेलं म्हना.”

डॉक्टरांनी टोपण लावलं. “हो, काका. अगदी तसंच. पाणी जाईल तिथे ते जाणार.”

“आमी उपटतो ना. पुन्हा येते, पुन्हा उपटतो.”

“आपणही तेच करणार आहोत,” डॉक्टर म्हणाले. “पण इथे दर वेळी जमीनही थोडी जाते. मी स्पष्ट सांगतो. हे पूर्ण जात नाही. इलाज केला तर बऱ्याच जणींना काही महिने बरे मिळतात. थोड्या जणींना त्याहून जास्त. इलाज नाही केला तर आठवड्यांत बोलावं लागतं. काही प्रकारच्या कॅन्सरवर आता चांगल्या गोळ्या आहेत, त्या मेंदूपर्यंत पोचतात, त्यांचं चित्र जरा वेगळं असतं. यांचा प्रकार तसा नाही.”

सगळं स्वच्छ सांगितलं त्यांनी. काही लपवलं नाही, काही इंग्रजीत दडवलं नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “इलाज हाय म्हने.”

आई म्हणाली, “हाव. आयकलं म्या.”

एवढंच. मी खुर्ची ढकलत होते. तिची मान मागून दिसत होती, आणि बारीक वेणी.

नंतर मी फोनवर वाचलं. तिथे याला आउटकम म्हणतात, म्हणजे शेवटी काय झालं ते. स्त्रियांचे गट केलेले असतात, आणि प्रत्येक गटापुढे महिन्यांचा एक आकडा असतो. त्याचा अर्थ एवढाच की अर्ध्या जणी त्याच्या आधी गेल्या आणि अर्ध्या त्याच्यानंतर. आकडा मी इथे लिहीत नाही. तो आईचा नव्हता, न पाहिलेल्या पुष्कळ बायकांचा मिळून होता. वाचताना मला त्यांच्याबद्दल वाटायचं, त्यांनाही आधी चष्मे बदलून दिले असतील का.

उपचार सुरू झाले. डोक्याला शेक देताना हलू नये म्हणून तिच्या तोंडावर एक पांढरी जाळी बसवायचे, तिच्याच चेहऱ्याच्या मापाची, आणि टेबलाला अडकवायचे. बाहेर आली की गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. मधल्या दिवसांत पाठीतून इंजेक्शन. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, बाळासारखं. नर्स म्हणायची, “अजून वाका मावशी.” आई वाकायची. आम्ही दवाखान्याजवळ एक खोली घेतली होती, तिथे बाबा स्वयंपाक करायचे. त्यांना एकच भाजी येते, ती आम्ही खाल्ली.

आणि तिला बरं वाटू लागलं. आधी उलटी थांबली. मग डोकं. एका सकाळी ती उठून बसली आणि खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिली. मी विचारलं, काय झालं. “एकच टाकी हाय तिथं,” ती म्हणाली. “काल दोन व्हत्या.”

थंडी पडली तेव्हा आम्ही घरी आलो. भूक भयंकर वाढली होती तिची. जेवण झाल्यावर तासाभरात पुन्हा भाकर मागायची. गाल फुगले, चेहरा गोल झाला. जाताना वाळलेली बाई भरल्या तोंडाने परत आली, हे सगळ्या गावाने पाहिलं. बायका दारात येऊन म्हणत, “तब्येत लय सुधारली वो तुमची!” गावात तब्येत तोंडावरून बघतात. तोंड उतरलं म्हणजे आजार, तोंड भरलं म्हणजे बरं. तो गोलपणा सूज उतरवायच्या गोळ्यांचा होता. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, मला आणि बाबांना दोघांना. बाबा बायकांसमोर उभे राहून ऐकत आणि म्हणत, “हाव, खाते आता चांगली.”

एका दुपारी आम्ही ओसरीत सांबाराच्या जुड्या बांधत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी चिखलीचा बाजार होता. आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या हातातही जुडी होती. डोक्याला रुमाल. बाबा सुतळी कापत म्हणाले, “येत्या शनिवारी रोडगे घालून टाकू.”

रोडगे आमच्याकडे नवसाला घालतात. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वरण आणि वांग्याची भाजी करायची, देवाला दाखवायचं आणि गावाला जेवू घालायचं. देव मागितलेलं देतो, आपण रोडगे देतो. गावातल्या नवसांत हा मोठा नवस.

“कशाचे बे?” आत्या म्हणाली.

“कशाचे म्हंजे? बोललो व्हतो मी मारोतीले. हे बरी झाली की गावाले रोडगे.”

“मंग बरी होऊ तर दे.”

“झाली नाही? पाय तिच्याकडे. तोंड कसं भरलं.”

“तोंड तर तुहंही भरेल हाय. तुले कोन हुशार म्हंते?”

एरवी बाबा हसले असते. ते म्हणाले, “फेडून टाकला की पक्कं होते. देवाचं ठेवू नये.”

“अन् काम व्हायच्या आधी फेडत असते का कोनी? देवाले काय उचल देऊन राह्यला तू?” आत्याचा आवाज चढला. “आधी रोडगे खाल्ले तर तो कशाले पाहीन मंग इकडे? थांब म्हंते मी. डाक्टरची तपासनी होऊ दे, पानी साफ येऊ दे, मंग घाल.”

“शनिवारीच घालतो.”

“तुह्या बापाचा मारोती हाय का?”

“माह्या वावरातला हाय!”

हे खरं होतं. आमच्या बांधावर शेंदूर लावलेला एक मारोती आहे, कुणी बसवला कुणाला माहीत नाही.

आत्या माझ्याकडे वळली. “तू सांग वं, इंग्लिश शाळेतली. डाक्टर काय म्हने?”

मी जुडी बांधत होते. म्हणाले, “डॉक्टर म्हणाले ते बाबांनी ऐकलंय.”

बाबांनी सुतळीचा एक तुकडा कापला, तो आखूड झाला, दुसरा कापला. मला वाटलं आता ते उठून जातील.

तेव्हा आई म्हणाली, “घाला रोडगे.”

“हे पाय,” बाबा आत्याला म्हणाले.

“पन माह्या नवसाचे घाला. तुमच्या नाही.”

“तुहा कोन्ता नवस?”

आईने हातातली जुडी बाजूला ठेवली. तेव्हा ती हळू बोलायची, हनुवटी अजून पूर्ण जागी झाली नव्हती. “तोंडाले जाळी बांधत व्हते ना तिथं, तवा बोलली मी. सगळे बाहीर जात, दार लावून घेत. मी एकटीच. मी म्हटलं, मारोतीराया, बरं कर नाही म्हनत मी तुले. ते होत नाही, डाक्टरनं सांगतलं. एक सकाळ दे. डोकं दुखू नको देऊ, अन् एका झाडाचं एकच झाड दिसू दे. तेवढ्याचे रोडगे घालीन.” तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “देल्ली त्यानं. एक मागतली व्हती, लय सकाळा देल्ल्या. माहं देनं हाय ते. ते फेडा.”

“अन् माहा?” बाबा म्हणाले.

“तुमचा राहू द्या. तो फेडाचा नाही. ते झालंच नाही.”

“असं बोलू नको.”

“मंग कसं बोलू? मी तिथंच बसेल होती ना. माह्यासमोर सांगतलं त्यानं तुमाले. तुमी बाहीर येऊन म्हनता, इलाज हाय. गावात म्हनता, बरी झाली. मी काही म्हटलं का तुमाले? नाही म्हटलं. पन देवापुढं नका म्हनू. खोटं होते ते. मले तिथं उभं राहा लागीन नारळ घेऊन.”

आत्या रडायला लागली, आवाज न करता, हातातला सांबार तसाच धरून. मला आत्याचं रडणं नवीन होतं, मी दुसरीकडे पाहिलं. बाबा उठले. “लाइन आली का पाहतो,” असं म्हणून ते विहिरीकडे गेले. त्या आठवड्यात मोटरला वीज सकाळचीच होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आई पुन्हा जुड्या बांधायला लागली. जरा वेळाने मला म्हणाली, “सैल बांधून राह्यली तू. बाजारात जाईपर्यंत सुटतीन.”

मी सोडून पुन्हा बांधल्या.

दोन दिवस बाबा कामापुरतं बोलले. शुक्रवारी ते चूलबंद आवतन द्यायला निघाले. चूलबंद म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. ते मला सोबत घेऊन गेले. का, ते सांगितलं नाही. पहिल्याच घरी विचारलं, “कशाचे हो रोडगे?” रोडग्यांचं आवतन आलं की हे विचारतातच, उगाच नाही कुणी गावाला जेवू घालत. बाबा म्हणाले, “देवाचे हायेत.” पुढच्या घरीही तेच. लोक आईचं तोंड पाहून आलेले होते, त्यांनी आपापलं समजून घेतलं. “चांगलं झालं बाप्पा,” ते म्हणाले. बाबा मान हलवत पुढे जात राहिले. त्यांच्या मागून चालताना मला वाटत होतं, आईने सांगितलेलं काही उपयोगाचं झालं नाही. उद्या ती नारळ घेऊन उभी राहील आणि सगळं गाव तिला बरी झालेली बाई म्हणून बघेल.

शनिवारी सकाळी बाबांनी आणि शेजारच्या वावरांतल्या माणसांनी बांधाजवळ गोवऱ्या रचल्या. रोडग्यांचं काम पुरुषच करतात. कुणी कणीक मळत होतं, कुणी तेलाचा हात लावून गोळे वळत होतं. जाळ बसला, निखारे झाले, मग रोडगे त्या फुफाट्यात दाबून ठेवले. वांगी आमचीच होती. आई घरून चालत आली, एका बाजूला मी, एका बाजूला आत्या. तिने नवी साडी नेसली होती. मारोतीपुढे नारळ ठेवून तिने हात जोडले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही तिला. मग आम्ही तिला लिंबाखालच्या बाजेवर बसवलं.

भाजलेले रोडगे बाहेर काढून बाबा आणि एक शेजारी जाड कापडाची दोन टोकं धरून झुलवत होते, राख झडावी म्हणून. पहिली पंगत बसली होती. तिच्यात गावातले एक म्हातारे आजोबा होते, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते सगळ्यांशी मोठ्याने बोलतात. ते पत्रावळ सरकवून घेत ओरडून म्हणाले, “झाली म्हना एकदाची घरची लक्ष्मी बरी!”

बाबा कापड धरून थांबले. शेजाऱ्याला कळेना, त्याने एकदा आपलं टोक हलवलं. “बरी नाही झाली बाबाजी,” बाबा म्हणाले. आजोबांनी कानाला हात लावला. बाबांना तेच पुन्हा, मोठ्याने, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं. “बरी नाही झाली! डोकं दुखायचं थांबलं तिचं! त्याचे हायेत रोडगे!”

बाजेकडे बघावं की न बघावं, लोकांना कळेना. आई पदर सावरून बसली होती, सरळ बाबांकडे बघत.

आजोबांनी पत्रावळीवर पाणी शिंपडलं. मग म्हणाले, “मंग ते काय कमी हाय का? वाढा वरन.”

लोक जेवले. आईनेही दोन रोडगे चुरून वरणात कालवून खाल्ले आणि तिसरा मागितला. बायका जाताना तिच्याजवळ येत होत्या, पण तब्येत सुधारली असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. कुणी विचारलं, डोकं किती दिवस दुखत होतं. कुणी विचारलं, त्या जाळीत गुदमरत होतं का. ती सांगत होती. एवढं बोलताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतर औरंगाबादला गेलो. पुन्हा पाणी काढलं. पेशी होत्याच. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि बाबांना सांगू लागले: आता डोक्याच्या कातडीखाली एक छोटी पिशवी बसवता येईल, म्हणजे पाठीत सारखं टोचावं लागणार नाही, औषध तिथूनच जाईल. काही आठवडे वाढू शकतात, कदाचित जास्त. त्रासही होऊ शकतो.

बाबा म्हणाले, “साहेब, तिले सांगा. तिचं ती ठरवीन.”

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. मग ते उठले, टेबलाच्या पलीकडून खुर्ची उचलून आणली आणि तिच्यासमोर बसले. सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आईने मध्ये एकदाही मान हलवली नाही. त्यांचं झाल्यावर तिने विचारलं, आणि तिचे प्रश्न आमच्यापैकी कुणी कधी विचारले नव्हते.

“पिशवी बसवली तरी शेवटी हेच ना?”

“हो, मावशी.”

“शेवटी काय होते?”

डॉक्टरांनी टोपण खिशात ठेवलं. “पाय जातील बहुतेक. लघवीवर ताबा राहणार नाही, नळी लावावी लागेल. ऐकू कमी येऊ शकतं. झटका येऊ शकतो, त्याचं औषध देऊन ठेवू. मग झोप वाढत जाईल. शेवटी जास्त वेळ झोपच असेल.”

“मानसं वळखू येतीन का?”

“सुरुवातीला येतील. नंतर कदाचित नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न तिने मला ऐकवायला विचारला असं मला वाटलं, म्हणजे पुढे मला नवल वाटू नये.

“अन् डोकं?”

“डोकं दुखू देणार नाही,” ते म्हणाले. “त्याची औषधं आहेत, लागतील तेवढी वाढवू. तेवढं मी नक्की सांगू शकतो.”

“मंग पिशवी नको,” आई म्हणाली. “घरी जातो आमी.”

बाबांनी दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा धरला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने होत गेलं, फक्त झटका आला नाही. आधी पाय गेले. मग डावा कान, तेव्हा मी उजव्या बाजूला बसून बोलू लागले. गोळ्यांचं मी बघायचे, कळ वाढली की डॉक्टरांना फोन करून वाढवायचे. तिने एकदाही डोकं धरलं नाही. जागी असली की बाजार कसा झाला विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा डोळा लागलेला असायचा.

होळीच्या आधीच्या दिवसांत पाहुणे येऊ लागले. मेहकरकडचे आईच्या माहेरचे, चिखलीचे. आमच्याकडे आजारी माणसाच्या उशाशी बसून विचारायची पद्धत आहे: “वळखलं का मले? सांगा बरं, कोन मी?” ओळखलं तर येणाऱ्याचं समाधान होतं. आईच्या एका चुलतबहिणीने तिचा खांदा धरून हलवलं, गालावर हात मारला. “अवं, डोये उघड. मी कोन? सांग ना, मी कोन?” आईच्या कपाळाला आठी पडली.

बाबा दारातून आत आले आणि त्यांनी त्या बाईंचा हात धरून बाजूला केला. परक्या बाईचा हात बाबांनी धरलेला मी कधी पाहिला नव्हता. “उठवू नका,” ते म्हणाले. “दुखत नाही तिचं काही. झोपू द्या.”

त्यानंतर आत्या ओसरीतच बसू लागली. येणाऱ्याला पाणी द्यायची आणि तिथेच सांगायची, “इचारू नका काही. आत जाऊन बसा उगीमुगी.” लोकांना ते जड जायचं. नुसतं बसायचं कसं, हे त्यांना कळायचं नाही. हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. पण बसायचे. बाबा तिच्या पायांशी बसलेले असायचे आणि मी उजव्या कानाशी. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. एका सकाळी उन्हं दारात आली तेव्हा खोलीत चार-पाच माणसं तशीच न बोलता बसलेली होती. श्वास थांबला हे आधी बाबांना समजलं. त्यांनी लगेच कुणाला सांगितलं नाही.